सिकलसेल : संशोधन हडपसरपर्यंत पोहोचले, तपासणी आपल्या विहारापर्यंत कधी?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून एक बातमी आली. तिथल्या आयजीआयबी या सरकारी जनुकशास्त्र संस्थेने सिकलसेल आजारावर 'क्रिस्पर' तंत्राचा पहिला भारतीय जनुकोपचार तयार केला आहे. बिरसा मुंडा यांच्या स्मरणार्थ त्याला 'बिरसा १०१' असे नाव दिले गेले. पुढच्या विकासासाठी हे तंत्रज्ञान आपल्या पुण्यातल्या, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. पाहता पाहता ही बातमी 'सिकलसेलवर औषध आले' अशा मथळ्याने मोबाइलवर फिरू लागली.

मित्रांनो, बातमी आनंदाची आहे, पण हा मथळा अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग आपण समजून घेतला नाही, तर हडपसरमध्ये होणाऱ्या संशोधनाचा विश्रांतवाडीतल्या, येरवड्यातल्या किंवा पिंपरीतल्या आपल्या घरांना काहीच उपयोग होणार नाही. म्हणून हा लेख.

हा आपल्याच घरातला आजार

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. आदिवासी समाजात तो आहे, बौद्ध समाजात आहे आणि इतर काही समूहांतही आहे. याच पट्ट्यातून हजारो मुलेमुली शिकायला आणि नोकरीला पुण्यात येतात. गावाकडच्या आरोग्य केंद्रात 'सिकल' हा शब्द रोजच्या बोलण्यातला असतो. पुण्यात मात्र पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाचे हातपाय असह्य दुखू लागले, तर आधी थकवा, मग संधिवात, मग अशक्तपणा असा विचार होतो. सिकलसेलची शंका बऱ्याचदा शेवटी येते.

या आजाराची वैद्यकीय नोंदही अशाच एका विद्यार्थ्यापासून सुरू झाली. कॅरिबियन बेटांवरच्या ग्रेनाडाहून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोत आला होता. तो आजारी पडला तेव्हा त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला गेला. गोल तांबड्या पेशींमध्ये विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, म्हणून हा सिकलसेल.

एका अक्षराची चूक

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असते. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला : हिमोग्लोबिनच्या लांबलचक साखळीतली एकच कडी बदललेली असते. जनुकाच्या भाषेत बोलायचे तर एका अक्षराची चूक. प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याच्या कडक दोऱ्या बनतात आणि पेशी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून जीवघेण्या वेदना होतात, रक्तक्षय होतो, वारंवार जंतुसंसर्ग होतो, कधी पक्षाघातही होतो.

आई आणि वडील दोघांकडून हे जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते 'वाहक' असते. वाहक म्हणजे रोगी नव्हे. बहुतेक वाहक आयुष्यभर धडधाकट असतात, म्हणून तर त्यांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसते.

मग हे जनुक टिकले कसे? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की वाहक मुलांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरियाचे थैमान होते, तिथे हे जनुक टिकून राहिले, वाढले. यात जातीचा दोष नाही, रक्ताची अशुद्धता नाही आणि मागच्या जन्मीचे पाप तर मुळीच नाही. भगवान बुद्धांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही, दुःखाला कारण असते हेही सांगितले. या दुःखाचे कारण सापडले आहे. तरीही कोणी त्याला 'बाहेरचे' म्हणून मांत्रिकाकडे नेत असेल, तर ते आपले अपयश आहे.

नवे उपचार कुठवर आले?

गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होते आणि मोठ्यांचे हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. म्हणूनच सिकलसेलचे बाळ जन्मतः ठणठणीत दिसते आणि साधारण सहा महिन्यांनंतर त्रास सुरू होतो. शास्त्रज्ञांनी यातूनच वाट काढली. गर्भातले हिमोग्लोबिन बंद करणारे 'बटण' निकामी केले, तर ते पुन्हा तयार होऊ लागेल!

हे काम क्रिस्परने शक्य केले. जनुकात नेमक्या जागी काप देणारी ही आण्विक कात्री. एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना तिच्यासाठी २०२० चे नोबेल मिळाले. या तंत्रावर आधारलेल्या 'कॅसजेव्ही' या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत मान्यतेसाठी तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण किमान सलग एक वर्ष तीव्र वेदनांच्या झटक्यांपासून मुक्त राहिले.

पण त्याची अमेरिकेतली किंमत आहे २२ लाख डॉलर. शिवाय आधी रुग्णाच्या मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांचे जनुक बदलायचे, मग जबर केमोथेरपी देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करायची आणि बदललेल्या पेशी परत सोडायच्या, असा हा महिनोन् महिन्यांचा प्रवास आहे. त्यात पुढे मूल न होण्याचाही धोका असतो. भारतीय उपचाराचे महत्त्व इथेच आहे : किंमत आवाक्यात आणणे. मात्र करार झाला म्हणजे औषध दुकानात आले असे नव्हे. माणसांवरच्या चाचण्या, सुरक्षितता आणि मंजुरी हे टप्पे पार करावेच लागतात.

घाई का नको, याचे ताजे उदाहरण आहे. 'व्होक्सेलोटर' या सिकलसेलच्या गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली होती. वेदनांचे झटके आणि मृत्यू यांबद्दलची चिंताजनक माहिती पुढे आल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. ऐकीव गोष्ट तपासून घ्यायची सवय आपल्याला धम्मानेच लावली आहे. ती औषधाच्या बातमीलाही लावूया.

आज हातात काय आहे?

खूप काही आहे, आणि ते स्वस्त आहे. 'हायड्रॉक्सीयुरिया' हे जुने औषध गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वेदनांचे झटके त्याने जवळपास निम्म्यावर आणले. आपल्याकडे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी कमी मात्रेतही ते मुलांना उपयोगी पडते हे दाखवले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि नियमित रक्ततपासणी करत ते घ्यावे लागते. सोबत फॉलिक ॲसिड, वेळेवर लसी, भरपूर पाणी आणि ताप आला की लगेच दवाखाना.

तपासणीही सोपी आहे. परीक्षानळीतल्या द्रावणात रक्ताचे थेंब टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. प्रकाश आरपार जातो की नाही, एवढीच ती परीक्षा! पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावीच लागते. सहा महिन्यांखालच्या बाळाला आणि नुकतेच रक्त चढवलेल्या माणसाला ही नळीची चाचणी फसवू शकते.

पुण्याला या कामाची परंपरा आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुदाम काटे यांनी राज्याच्या आदिवासी भागांत अनेक दशके सिकलसेलवर काम केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, २०४७ चे उद्दिष्ट ठेवून. तिचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो असायलाच हवा. पण शहरात स्थलांतरित झालेले आपले तरुण अशा मोहिमेच्या नजरेतून सुटू शकतात. त्यांच्यापर्यंत आपणच पोहोचायला हवे.

लग्नाचा प्रश्न

दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. 'एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली' हा समज चुकीचा आहे. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्यात कोणताच दोष नसेल, तर मूल रुग्ण होत नाही.

म्हणून वधू-वर परिचय मेळाव्याच्या बायोडाटात रक्तगटाशेजारी सिकलसेल तपासणीची ओळ असावी, असे आम्हाला वाटते. पण ती मुलगा आणि मुलगी दोघांचीही असावी. वाहक आहे म्हणून मुलीला नाकारणे आणि मुलाला तपासणीच न सांगणे, हे विज्ञान नव्हे, जुनीच विषमता नव्या कागदावर. दोन वाहकांनी एकमेकांना निवडले तरी त्यांना अडवण्याचा अधिकार कोणाला नाही. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत होऊ शकते. त्यांना समुपदेशन हवे, टोमणे नकोत. आणि मूल आजारी झाले तर दोष एकट्या आईच्या माथी मारणे थांबले पाहिजे. जनुक दोघांकडून येते.

हेही लक्षात ठेवा : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. रुग्णांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. कार्यकर्त्यांनी त्यात सोबत करावी.

येत्या १४ एप्रिलला पुण्यात ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतील. त्याच मंडपात एक टेबल सिकलसेल तपासणीचे ठेवा. नजीकच्या सरकारी रुग्णालयाशी आधी बोला, पुढच्या तपासणीची सोय करून ठेवा आणि कोणाचा अहवाल काय आला, हे त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगू नका. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली होती. हडपसरच्या प्रयोगशाळेतले औषध यायचे तेव्हा येईल. तोवर आपल्या वस्तीतला एकही रुग्ण निदानाविना राहू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

जय भीम!