जुन्या चित्रपटांचे पुनःप्रदर्शन : व्यवसाय, जतन आणि मूळ संहितेचा प्रश्न

प्रस्तावना :
चित्रपटाचे आर्थिक आयुष्य पहिल्या काही आठवड्यांतच संपते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि भारतीय चित्रपट व्यवसायाचा इतिहास या समजुतीला पूर्णतः दुजोरा देत नाही. सन २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ या चित्रपटाने सप्टेंबर २०२४ मधील पुनःप्रदर्शनात पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. २०१६ च्या ‘सनम तेरी कसम’ या चित्रपटाबाबत फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच घडले. प्रस्तुत लेखात पुनःप्रदर्शनामागील व्यावसायिक, तांत्रिक व कायदेशीर बाबींचे विवेचन केले आहे.

पुनःप्रदर्शनाचे बदलते स्वरूप :
दूरचित्रवाणी व व्हिडिओ यांचा प्रसार होण्यापूर्वी जुना चित्रपट पाहण्याचे चित्रपटगृह हेच प्रमुख साधन होते. वितरक आपल्या विभागापुरते हक्क ठरावीक मुदतीसाठी विकत घेत व त्या मुदतीत चित्रपट पुन्हा पुन्हा लावीत. सकाळचे किंवा मॅटिनीचे खेळ बहुधा अशाच चित्रपटांवर चालत. घरोघरी चित्रपट पोहोचू लागल्यावर ही पद्धत क्षीण झाली.

यानंतर जुन्या चित्रपटाला काही नवे रूप देऊन तो आणणे आवश्यक ठरले. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये झळकलेला, अंशतः रंगीत असलेला के. आसिफ यांचा ‘मुगल-ए-आझम’ १२ नोव्हेंबर २००४ रोजी संपूर्ण रंगीत स्वरूपात आला. ‘नया दौर’ (२००७) व ‘हम दोनो’ (२०११) यांनी तोच मार्ग अनुसरला. जानेवारी २०१४ मध्ये ‘शोले’ त्रिमितीय स्वरूपात प्रदर्शित झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटाने मराठा मंदिरमध्ये सलग १००० आठवडे पूर्ण केले. त्याला मात्र कोणत्याही नव्या रूपाची गरज भासली नव्हती.

व्यवसायाचे गणित :
फिल्मच्या काळात प्रत्येक चित्रपटगृहासाठी स्वतंत्र प्रिंट काढावी लागे. डिजिटल प्रक्षेपणामुळे हा खर्च पुष्कळच घटला. निर्मितीचा खर्च पूर्वीच झालेला असतो आणि प्रसिद्धीचे काम चित्रपटाची स्मृतीच करते. चित्रपटगृहाच्या दृष्टीने रिकामी राहिलेली खुर्ची हा कायमचा तोटा होय. त्यामुळे नव्या चित्रपटांची टंचाई असलेल्या आठवड्यांत कमी दराने तिकिटे विकूनही जुना चित्रपट लावणे परवडते. मार्च २०२५ मध्ये पुन्हा प्रदर्शित झालेला ‘सैराट’ (२०१६) हे मराठीतील अलीकडील उदाहरण होय.

जतन : व्यवसायाची पूर्वअट :
हे गणित चित्रपटाची सुस्थितीतील प्रत उपलब्ध असेल तरच जुळते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या. अशा चित्रपटांच्या बाबतीत बाजारपेठेचा प्रश्नच उरत नाही. ‘उमराव जान’ (१९८१) या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह खराब झाल्यामुळे पस्तीस मिलिमीटरच्या प्रदर्शन-प्रतीवरून त्याचे पुनरुज्जीवन करावे लागले व तो जून २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला ‘मंथन’ (१९७६) फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवित केला. तो मे २०२४ मध्ये कान महोत्सवात व जूनमध्ये भारतीय चित्रपटगृहांत दाखविण्यात आला.

हक्क कोणाचा?
प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ नुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो. प्रदर्शनाच्या पुढील वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे त्याचा हक्क टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधनाचा वाटा मिळाला. परंतु चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारा वापर त्यातून वगळलेला आहे. अर्थात, पुनःप्रदर्शनाच्या उत्पन्नातून त्यांना काही मिळावयाचे असल्यास ते स्वतंत्र करारानेच मिळू शकते.

दिग्दर्शकाची स्थिती याहून दुर्बळ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ (२०१३) या चित्रपटाची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शेवट बदलून प्रदर्शित करण्यात आली. दिग्दर्शक आनंद राय व अभिनेता धनुष यांनी त्यास जाहीर विरोध केला. कृतीच्या विकृतीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा कलम ५७ मधील विशेष हक्क कर्त्यास दिलेला आहे. आणि दिग्दर्शक हा कायद्याच्या दृष्टीने कर्ता नव्हे.

याच्या उलट उदाहरण ‘शोले’चे आहे. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहामुळे त्याचा शेवट बदलण्यात आला होता. ठाकूरच्या हातून गब्बरचा मृत्यू होतो तो मूळ शेवट पुनरुज्जीवित प्रतीत परत आला व ती प्रत डिसेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाली. एकाच वर्षात पुनःप्रदर्शनाने एका चित्रपटाचा शेवट त्यास परत दिला व दुसऱ्याचा हिरावून घेतला.

समारोप :
पुनःप्रदर्शन हे जतनाच्या खर्चास आर्थिक आधार देऊ शकते. परंतु मूळ कृतीत फेरफार करण्याचे ते निमित्तही ठरू शकते. ग्रंथाच्या अभ्यासात आवृत्तीचा निर्देश आवश्यक मानला जातो. चित्रपटाच्या अध्यापनात व संशोधनातही कोणती प्रत, कोणत्या वर्षीची व कोणत्या शेवटाची पाहिली, याचा निर्देश होणे तितकेच अगत्याचे आहे. अन्यथा पुढील पिढीतील विद्यार्थी व आजचे अध्यापक एकाच नावाच्या दोन भिन्न चित्रपटांविषयी बोलत राहतील.