रूळ विकत घेण्याआधी: घरातल्या रेल्वेचा नकाशा आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर



आदिलाबादच्या मराठी घरांत रेल्वेचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास येतात. एक, तिरुपतीला जाणारी कृष्णा एक्सप्रेस आणि दुसरी, ती जुनी मीटरगेज गाडी. मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट असं करत आपल्या गावात येणारा हा मार्ग आता ब्रॉडगेज आहे. मीटरगेजच्या डब्यात बसून ज्यांनी नोकऱ्या केल्या, ती मंडळी आज आजी-आजोबा झाली आहेत. नातवंडांनी ते अरुंद रूळ पाहिलेलेच नाहीत.

माझे बाबा त्याच गाडीने किनवटला नोकरीला जात. निवृत्तीनंतर त्यांनी एक इच्छा बोलून दाखवली, वाटेतलं एक छोटं स्टेशन घरात उभं करायचं. दोन रूळ, एक फलाट, एक कडुनिंब आणि धावणारी गाडी. आठ वर्षांचा नातू लगेच भागीदार झाला. त्याची अट एकच, पूल हवा. दिवाळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे यात घालायचे ठरले. त्यापलीकडे खर्च करायचा नाही, हेही त्याच वेळी ठरलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे नकाशाचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

घरगुती रेल्वेचे चांगले रूळ बहुतेक आयात होतात आणि ते स्वस्त नाहीत. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा तर साध्या तुकड्याच्या कितीतरी पट महाग पडतो. म्हणून आधी संगणकावर रूळ जोडून पाहायचे आणि मगच दुकानाला ऑर्डर द्यायची, हे शहाणपणाचं.

आधी तीन प्रश्न

कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, हा प्रश्न शेवटी विचारायचा. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. जागा किती? रूळ कोणत्या मापाचे आणि कोणत्या कंपनीचे मिळणार? आणि संगणकासमोर बसणार कोण?

आमची जागा म्हणजे प्लायवूडची एक पूर्ण शीट, ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे २४४ बाय १२२ सेंटीमीटर. ती भिंतीला कायमची टेकवू नका. १२२ सेंटीमीटरवर हात पोचत नाही आणि मागच्या कोपऱ्यात डबा घसरला की पंचाईत होते. सुताराकडून टेबलाला चाकं लावून घ्यावीत.

मापाचं गणित आपल्याकडे जरा गंमतीचं आहे. जगभर सर्वांत जास्त चालतं ते एचओ, म्हणजे १:८७ हे प्रमाण. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून बेतलेले आहेत. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे याच प्रमाणात ती १९.३ मिलिमीटर यायला हवी. मीटरगेज मात्र ११.५ येते आणि १२ मिलिमीटरचे रूळ बाजारात आहेत. थोडक्यात, रुळाच्या मापात बाबांची जुनी गाडी आजच्या गाडीपेक्षा जास्त अचूक बसते! अडचण एवढीच, की १२ मिलिमीटरचं सामान मिळायला अवघड आणि महाग. भारतीय मीटरगेजची तयार इंजिनं तर दुकानात मिळतच नाहीत.

एचओ प्रमाण प्रत्यक्ष कसं दिसतं हे पाहायचं असेल, तर पुण्याला गेल्यावर मुलांना कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात जरूर न्या. भाऊ जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं हे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे.

तीन सॉफ्टवेअर, तीन स्वभाव

मी तीन सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेऊन पाहिली. पेकोसारख्या मोठ्या कंपन्यांच्या रुळांचे तुकडे तिन्हींत तयार असतात. तुकडा उचलायचा, दुसऱ्याजवळ न्यायचा, की तो जोडला जातो.

एनीरेल हे शिकायला सर्वांत सोपं. ते विंडोजवर चालतं आणि विकत घ्यावं लागतं, पण ५० तुकड्यांपर्यंतचा नकाशा फुकट करता येतो.

स्कार्म हेही विंडोजचं. फुकट आवृत्तीत १०० तुकड्यांची मर्यादा आहे. नकाशा त्रिमितीत फिरवून पाहता येतो, त्यामुळे चढ-उतार लगेच समजतात. मुलांना हेच आवडतं.

एक्सट्रॅककॅड पूर्ण मोफत आणि मुक्तस्रोत आहे. तुकड्यांची मर्यादा नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. वाकवता येणाऱ्या लांब रुळांसाठी ते फार चांगलं आहे आणि नकाशावर गाडी चालवूनही पाहता येते. पण शिकायला वेळ लागतो. माझ्यासारख्या माणसाला त्यात मजा येते, सगळ्यांना येईलच असं नाही.

आता ५० तुकड्यांची मर्यादा ऐकून घाबरू नका. पेकोच्या ठरावीक मापाच्या रुळांत ४५ अंशांचे आठ तुकडे जोडले की पूर्ण गोल होतो. त्यात सरळ रूळ, चार-पाच सांधे आणि बाजूची एक मार्गिका धरली, तरी एका प्लायवूडवरचा नकाशा सहसा ५० मध्ये बसतो. म्हणून विकत घ्यायची घाई नको, आधी तुकडे मोजा.

तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे संगणकासमोर कोण बसणार याचं, उत्तर आमच्याकडे स्पष्ट होतं. दिवसभर घरी असतात ते बाबा. मी मीटिंगमध्ये, मुलगा शाळेत. त्यामुळे मला एक्सट्रॅककॅड आवडलं असलं तरी आम्ही एनीरेल घेतलं. चार दिवसांत बाबा माउसने सांधे फिरवायला लागले. संध्याकाळी मी घरात येताच "हे बघ रे" अशी हाक येते, याचं मोल वेगळंच आहे.

सॉफ्टवेअर 'नाही' म्हणतं तेव्हा

माझ्या मते या सॉफ्टवेअरचं खरं काम सुंदर चित्र काढण्याचं नाही. जे बसणार नाही ते पैसे जाण्याआधी सांगणं, हे त्याचं काम.

पहिलं उदाहरण गाडीच्या लांबीचं. आजचा एलएचबी डबा साधारण २४ मीटरचा असतो. १:८७ मध्ये तो २७ सेंटीमीटरच्या वर जातो. २२ डब्यांच्या गाडीला सहा मीटर जागा लागेल, म्हणजे हॉलच्या भिंतीतून आरपार! बाबांनी स्टेशनची दुसरी मार्गिका सरळ भागात काढली, तेव्हा दोन सांध्यांची जागा वजा जाऊन जेमतेम ८० सेंटीमीटर उरले. त्यात एक इंजिन आणि दोन डबे उभे राहतात. मग आम्ही वळणातच बसणारे सांधे घेऊन पाहिले. बाहेरच्या वळणाची त्रिज्या ५०५ आणि आतल्याची ४३८ मिलिमीटर. दोन्ही १२२ सेंटीमीटरच्या रुंदीत बसल्या आणि मार्गिका लांब होऊन तिसऱ्या डब्याची सोय झाली.

दुसरं उदाहरण नातवाच्या पुलाचं. त्याला एक गाडी वरून आणि एक खालून न्यायची होती. त्यासाठी वरचा रूळ साधारण साडेसात सेंटीमीटर उंच हवा. शंभराला तीन असा चढ दिला तर चढायला अडीच मीटर आणि उतरायला तेवढेच लागतात. आमची पूर्ण फेरीच सुमारे पावणेसहा मीटरची! सगळी वाट चढ-उतारातच गेली असती आणि स्टेशनला सपाट जागा उरली नसती. तोडगा बाबांनी काढला. रूळ वर न्यायचा नाही, जमीन खाली न्यायची. प्लायवूडचा एक पट्टा कापून खाली नाला करायचा आणि वरून रूळ तसाच सरळ न्यायचा. नातवाला पूल मिळाला, पैसे वाढले नाहीत.

तिसरा प्रश्न गेजचा, आणि बाबांसाठी तोच सर्वांत मोठा होता. १२ मिलिमीटरचा पूर्ण नकाशा करून तुकड्यांची यादी काढली, तर खर्च ठरलेल्या रकमेबाहेर गेला. नातवाला तर धावणारी गाडी हवीच होती. शेवटी धावती फेरी १६.५ मिलिमीटरची ठेवली आणि फलाटाच्या मागे १२ मिलिमीटरचा एकच सरळ रूळ घातला. त्यावर मीटरगेजचे डबे उभे राहतील, बाबांनी पुठ्ठ्याचे कापलेले. एकाच नकाशात दोन गेज ठेवता येतात, ही सोय इथे कामी आली.

ऑर्डर देण्याआधी

नकाशा पूर्ण झाला की तो खऱ्या मापात छापता येतो. आमच्या शीटला ए-फोरची साठेक पानं लागली. ती चिकटवून जमिनीवर पसरा, चौफेर फिरा, हात पोचतो का ते पाहा. मग सॉफ्टवेअरने दिलेली तुकड्यांची यादी दुकानदाराला पाठवा आणि तेवढंच घ्या.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरच्या यादीत मिळत नाही. स्टेशनच्या भिंतींचा रंग, पाण्याच्या टाकीची जागा, फलाटाची उंची. हे सगळं आज फक्त मोठ्यांच्या आठवणीत आणि जुन्या अल्बममध्ये आहे. आपल्यापैकी कुणाकडे मुदखेड-आदिलाबाद मीटरगेजचे फोटो असतील, तर कृपया स्कॅन करून ठेवा आणि मंडळाच्या अंकासाठी पाठवा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना कागद-पेन्सिल देऊन त्यांच्या स्टेशनचं चित्र काढायला सांगा. रूळ पुढच्या वर्षीही विकत मिळतील, चित्र मात्र आत्ताच काढून घ्यायला हवं.