एकवीस दुर्वांची जुडी

गणेश चतुर्थीच्या सकाळी दुर्वा निवडायचं काम बहुतेक घरांत सर्वांत लहान माणसाकडे जातं. तीन पात्यांचा कोवळा शेंडा हेरायचा, पिवळं पान काढायचं, माती झटकायची आणि अशा एकवीस दुर्वांची जुडी दोऱ्यानं बांधायची. चार वर्षांच्या नातीचे आकडे तेरानंतर थेट अठरावर जातात, म्हणून आजी शेजारी बसून पुन्हा मोजते. पण पातं न् पातं बघण्याचा धीर नातीकडेच जास्त. दोन पात्यांची दुर्वा हाती आली तर ती टाकून देत नाही, वेगळी ठेवते. तिलाही बाप्पाकडे जायचं असतं ना!

या वयात भक्ती आणि माया वेगळ्या काढता येत नाहीत. मखरासमोर पंखा सुरू झाला की मूल मूर्तीला आपला रुमाल पांघरायला धावतं. मोठे हसतात, फोन काढतात आणि म्हणतात, ‘परत कर बघू.’ तिथेच घोटाळा होतो. पहिल्यांदा रुमाल बाप्पासाठी होता, दुसऱ्यांदा तो फोनसाठी असतो.

नैवेद्याच्या वेळी तर मोठ्यांची खरी परीक्षा. पाण्याचा चौकोन काढला, पान ठेवलं, मोदकावर तूप सोडलं, डोळे मिटले. डोळे उघडून मूल आधी मोदक मोजतं. ‘त्यानं खाल्लाच नाही!’ हा प्रश्न महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीचा आहे. विठ्ठलानं नैवेद्य खावा म्हणून हटून बसलेल्या लहानग्या नामदेवाची कथा घराघरांत सांगितली जाते. त्या कथेतल्या पोराचं कौतुक करायचं आणि आपल्या पोराला ‘गप्प बस’ म्हणायचं, हे बरं नव्हे. आजीनं नातीलाच विचारलं, ‘तुला काय वाटतं?’ बराच विचार करून उत्तर आलं, ‘आपण बघतोय म्हणून लाजतोय.’ मग सगळे जरा वेळ स्वयंपाकघरात जाऊन थांबले.

मदतीची ही ओढ शिकवण्याआधीच असते, याला अभ्यासाचा आधार आहे. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी 2006 मध्ये दीड वर्षाच्या 24 मुलांसमोर साधे प्रसंग उभे केले. अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडते, हात भरलेले असल्यानं त्याला कपाट उघडता येत नाही. 22 मुलांनी निदान एकदा तरी आपणहून मदत केली. याच दोघांनी 2008 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणं मिळालं, ती पुढे कमी मदत करू लागली. म्हणूनच जुडी बांधली की चॉकलेट, हा सौदा घरात नकोच.

मुलांच्या हाताला असं काम देण्याची रीत इतर घरांतही आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या काही दिवस आधी पसरट भांड्यांत धान्य पेरतात. त्याचे हिरवे कोंभ येशूजन्माच्या गोठ्याभोवती शेत म्हणून मांडतात. रोज पाणी घालायला पोरं पुढे असतात. रमजानमध्ये मोठ्यांचं पाहून लहानगी अर्ध्या दिवसाच्या रोजाचा हट्ट धरतात, आणि इफ्तारचं ताट शेजारी पोचवायला तीच पळतात.

अशा हातांनी सांडलवंड होते, वेळ जातो. दुर्वेच्या जुडीला अर्धा तास लागतो, तेवढ्यात मोठ्यांच्या पाच झाल्या असत्या. तो अर्धा तास मुलाला द्यायलाच हवा. ‘लुडबुड करू नकोस’ हे रोज ऐकलेलं मूल हळूहळू विचारणंच सोडतं.

दीड दिवसानं निरोपाची आरती झाली. बाप्पाच्या हातावर दही ठेवलं, वाटेच्या शिदोरीला दहीपोहे बांधले. नात रडवेली झालेली, तरी तिचं लक्ष पाटावर होतं. उंदराला कुणी काही दिलं नव्हतं. आई दुसरी वाटी आणायला आत गेली, तोवर हिनं ‘मोरया’ म्हणू दिलं नाही.