दुकान सांभाळून दुसरी एम.ए., एम.कॉम.

उर्दूत किंवा इतिहासात एम.ए. झालेला मुलगा गल्ल्यावर बसला की त्याला जमाखर्च, कर आणि बँकेचे कागद समजून घ्यावेसे वाटतात. रत्नागिरी सोडून दोन वर्षे मुंबईत राहणे मात्र परवडत नाही. अशांसाठी घरबसल्या दुसरी पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय आहे, आणि ती वाटते तितकी महागही नाही.

दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 चे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चे. उर्दूतून शिकलेल्यांसाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ 1998 मध्ये सुरू झाले. तेथे दूरशिक्षणाने उर्दू माध्यमातून एम.ए. करता येते. अशा सरकारी विद्यापीठांतील एम.ए., एम.कॉम. सर्वसाधारणपणे काही हजारांत होते. खाजगी विद्यापीठाची ऑनलाइन एम.बी.ए. पाहावी तर आकडा लाखाच्या घरात जातो. जाहिरातीतील चकचकीत फोटोचे पैसेही त्यातच आले!

माल घेताना आपण ताग्याची किनार पाहतो, तसे इथे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता पाहावी. विद्यापीठ मान्य असून भागत नाही. तोच कोर्स, त्याच सत्रासाठी, आयोगाच्या यादीत असला पाहिजे. आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार असे कोर्स फ्रँचायझीमार्फत चालवता येत नाहीत. तेव्हा "परीक्षेचे आम्ही पाहतो" म्हणणाऱ्या दलालाला चहा पाजून वाटेला लावावे. पैसे थेट विद्यापीठाकडेच भरावेत. पीएच.डी. ऑनलाइन देतो म्हणणाऱ्याला तर चहाही पाजू नये. ती या पद्धतीने देण्यास परवानगीच नाही.

मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षापासून एकाच वेळी दोन पदव्या करण्यासही मुभा मिळाली. आखातात जाणाऱ्याने मात्र तेथील नोकरीस ही पदवी चालते का, हे फी भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

खरा खर्च वेळेचा आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. 80 क्रेडिटचा कोर्स धरला तर 2400 तास झाले. दोन वर्षांत उरकायचे तर रोज सव्वातीन तास बसावे लागेल, आणि ईद-दिवाळीच्या सीझनमध्ये कापडवाल्याला ते जमणार नाही. मात्र तेथील बहुतेक एम.ए., एम.कॉम. चार वर्षांपर्यंत पुरे करता येतात. मग रोजचे पावणेदोन तासांच्या आतच येतात. दुपारी बाजार थंड असतो तेव्हा तेवढे निघतात.

फी भरण्याआधी त्या विद्यापीठाची पुस्तके चाळून पाहावीत. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची ई-ज्ञानकोशवर फुकट मिळतात. दोन धडे वाचून कंटाळा आला, तर पैसे खिशातच राहतात. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. एम.कॉम.ला काही ठिकाणी वाणिज्य शाखेचीच पदवी मागतात, तेव्हा ती अट अर्ज भरण्यापूर्वी वाचून घ्यावी.