घर आणि कर (भाग ६) : देखरेखीचं बिल कोणाच्या नावावर?

गेल्या आठवड्यात आपण घराच्या करारनाम्यातली स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटी वेगवेगळे करून पाहिले. आज वळू या एका खर्चाकडे, जो घर घेणाऱ्याला सहसा दिसतच नाही : बांधकामाच्या व्यवस्थापनाची फी. कंत्राटदार नेमणं, कामाचं वेळापत्रक, साइटवरची देखरेख, बिलांची तपासणी ही कामं करणाऱ्याला बांधकामाच्या धंद्यात ‘पीएमसी’ म्हणतात. त्याच्या फीवर कर किती, आणि तो शेवटी कोणाच्या खिशातून जातो?

आधी थोडं मागे जाऊ. व्हॅट हा मालाच्या विक्रीवरचा कर. सिमेंट, सळई, टाइल्स हा माल. देखरेख हा माल नव्हे. म्हणून निव्वळ व्यवस्थापनाच्या बिलावर व्हॅट नसे, सेवाकर असे. फ्लॅटची गोष्ट निराळी. महाराष्ट्राने २० जून २००६ पासून बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचा करार व्हॅटच्या कक्षेत आणला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये लार्सन अँड टुब्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा करआकारणीचं तत्त्व मान्य केलं. १ एप्रिल २०१० नंतरच्या करारांसाठी करारमूल्याच्या १ टक्का भरून मोकळं होण्याची योजना होती. करारमूल्यात देखरेखीचा खर्च मुरलेला असे, त्यामुळे वेगळ्या बिलात जो व्हॅटमधून सुटला, तोच फ्लॅटच्या किमतीतून पुन्हा व्हॅटखाली येई. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि माल-सेवा हा वाद मिटला. आता प्रश्न उरतो तो बिल कोण कोणाला देतो, हा.

पेणला स्वतःच्या प्लॉटवर बंगला बांधणाऱ्याचं उदाहरण घ्या. सामान त्याने स्वतः आणलं आणि मिस्त्रीला फक्त मजुरीचं काम दिलं, तर एका कुटुंबाच्या स्वतंत्र घराच्या त्या निव्वळ मजुरीवर जीएसटी माफ आहे. पण याच बंगल्यावर देखरेखीसाठी नोंदणीकृत सल्लागार नेमला, तर त्याच्या फीवर १८ टक्के. सल्लागाराची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने नोंदणी घेतलेली नसेल, तर तो कर लावू शकत नाही. आणि तोच माणूस एखाद्या बिल्डरकडे पगारी साइट इंजिनिअर असेल, तर पगारावर जीएसटी मुळातच नाही.

आता बिल्डरकडे येऊ. समजा, २० फ्लॅटच्या प्रकल्पात पीएमसीची फी १० लाख. वर १ लाख ८० हजार जीएसटी. १ एप्रिल २०१९ पासूनच्या पद्धतीत बिल्डर फ्लॅटवर १ किंवा ५ टक्के कर लावतो, पण त्याला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. म्हणजे हे १ लाख ८० हजार त्याला कुठे वळते करून घेता येत नाहीत. ते खर्चात बसतात : फ्लॅटमागे ९ हजार. घर घेणाऱ्याच्या पावतीवर ही ओळ कधीच नसते, दरात मात्र असते. ‘मग नोंदणी नसलेला सल्लागारच नेमतो,’ असं बिल्डर म्हणेल. पण प्रकल्पासाठी घेतलेल्या माल-सेवांपैकी किमान ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून असावी लागते. कमी पडलेल्या भागावर बिल्डरलाच साधारणपणे १८ टक्के भरावे लागतात.

देखरेखीच्या फीवरचे १८ टक्के पेणला जेवढे, तेवढेच रोह्याला. फ्लॅटच्या दराचं तसं नाही. दिव्याहून येणाऱ्या गाडीने पेण सोडलं की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. एवढ्या अंतरात नियम बदलतो, कारण पेण मुंबई महानगर प्रदेशात आहे, रोहा त्याच्या बाहेर. परवडणाऱ्या घराचा १ टक्का दर मिळायला किंमत ४५ लाखांपर्यंत हवी ही अट दोन्हीकडे सारखी. चटईक्षेत्राची मर्यादा मात्र महानगरात ६० चौरस मीटर आणि बाहेर ९०.

६५ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण ७०० चौरस फुटांचा, ४० लाखांचा फ्लॅट धरा. रोह्याला जीएसटी ४० हजार. पेणला ५ टक्क्यांनी २ लाख. फ्लॅट तेवढाच, किंमत तीच, फरक १ लाख ६० हजारांचा.

रोहेकरांनी यावर निर्धास्त राहू नये. ४५ लाख मोजताना फक्त फ्लॅटची किंमत धरत नाहीत. जमिनीचा हिस्सा, पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, सामायिक सुविधांचे पैसे, बिल्डर जे जे घेतो ते सगळं त्यात येतं. ४४ लाखांच्या फ्लॅटवर असे दीड लाख चढले की एकूण साडेपंचेचाळीस. मग १ टक्का गेला आणि संपूर्ण रकमेवर ५ टक्के लागले : २ लाख २७ हजार ५००. बिल्डरने देखरेखीचा खर्च दरात मुरवला काय किंवा ‘इतर आकार’ म्हणून वेगळा दाखवला काय, या मोजणीतून तो सुटत नाही.

म्हणून बुकिंगच्या टेबलावर दर प्रति फूट विचारून थांबू नका. कॉस्ट शीट मागा, खालच्या बारीक ओळींची बेरीज स्वतः करा आणि रेराच्या नोंदीतलं चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये पाहा. कागदावर ६० आणि ६१ यांत फार फरक दिसत नाही. पेणमध्ये तो चार टक्क्यांचा आहे.

पुढच्या आठवड्यात : भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घर घेतलं तर जीएसटी लागत नाही, मग तयार घर खरंच स्वस्त पडतं का?