ढाक्यातली नाणेफेक, कलसिंदूरची शाळा आणि बीडच्या मुली

दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे ‘सॅफ’ची, तरुण मुलींची स्पर्धा राष्ट्रीय संघांसाठी असते. भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान हे महासंघाचे सदस्य. मात्र दर वेळी सगळेच उतरतात असे नाही. वयाची अटही कधी 18, कधी 19, तर कधी 20 वर्षांखालील राहिली आहे. पहिली स्पर्धा 2018 मध्ये थिंफूला झाली. तिथे बांगलादेशने पाकिस्तानवर 17-0 अशी मात केली आणि पुढे नेपाळला हरवून विजेतेपदही मिळवले. 2022 मध्ये जमशेदपूरला भारत विजेता ठरला.

सर्वाधिक गाजली ती 8 फेब्रुवारी 2024 ची ढाक्यातली अंतिम लढत. भारत जिंकणार असे वाटत असताना बांगलादेशने भरपाई वेळेत 1-1 अशी बरोबरी साधली. पेनल्टीत गोलरक्षकांसह दोन्ही संघांच्या अकराही जणींनी गोल केले: 11-11. नियमाप्रमाणे पेनल्टीची दुसरी फेरी सुरू व्हायला हवी होती. त्याऐवजी सामनाधिकाऱ्यांनी नाणेफेक केली आणि भारताला विजयी घोषित केले. बांगलादेशने हरकत घेतली, बराच गोंधळ झाला आणि अखेर दोन्ही संघांना संयुक्त विजेतेपद देण्यात आले. इतक्या जिद्दीने खेळलेल्या मुलींना निकाल मैदानातच मिळायला हवा होता.

बांगलादेशच्या या ताकदीमागे खेड्यातल्या शाळा आहेत. मैमनसिंग जिल्ह्यातल्या कलसिंदूर गावच्या सरकारी प्राथमिक शाळेतून मारिया मांडासह अनेक राष्ट्रीय खेळाडू घडल्या. मुलींच्या आंतरशालेय स्पर्धांनी त्यांना लहानपणीच सामने दिले.

बीडच्या संदर्भात हे उदाहरण मोलाचे आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये आणि पाटोद्याचा राहुल आवारे कुस्तीत जगापुढे आले, पण हे एकट्याने लढायचे खेळ. फुटबॉलला अकरा जणी लागतात, शिवाय तोडीचा दुसरा संघही लागतो. जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततात. मुली कधी आईवडिलांबरोबर फडावर जातात, कधी गावी राहून धाकट्या भावंडांना सांभाळतात. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी चालणाऱ्या शालेय स्पर्धांसाठी संघ टिकवायचा, तर हंगामी वसतिगृह आणि मैदान एकाच ठिकाणी असणे गरजेचे आहे.