सेवा क्लबचा वर्धापनदिन

रोटरी आणि लायन्स यांसारख्या सेवा क्लबांच्या वर्षात दोन समारंभ मोठे असतात. नवे वर्ष 1 जुलैला सुरू होते आणि त्या सुमारास नव्या अध्यक्षांचा पदग्रहण समारंभ होतो. दुसरा समारंभ वर्धापनदिनाचा. आंतरराष्ट्रीय संघटनेने क्लबला ज्या दिवशी सनद दिली, त्या तारखेच्या आसपास तो साजरा होतो आणि क्लबांमध्ये ‘चार्टर नाइट’ या नावाने ओळखला जातो. सभा, गौरव, प्रमुख पाहुण्यांचे व्याख्यान आणि स्नेहभोजन एकाच संध्याकाळी पार पडतात. जेवणाचा बेत कसाही असो, या दिवशी क्लब आपल्या कामाचा हिशेब गावापुढे मांडतो, आणि हेच या समारंभाचे खरे प्रयोजन आहे.

या परंपरेचे मूळ शिकागोत आहे. 23 फेब्रुवारी 1905 रोजी पॉल हॅरिस हे वकील, एक कोळशाचे व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी असे चौघे युनिटी बिल्डिंगमधील 711 क्रमांकाच्या खोलीत जमले. मोठ्या शहरात व्यावसायिकांमध्ये ओळख आणि विश्वास वाढावा, एवढाच हेतू होता. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होत, त्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडले. सभासद वाढले तशा कचेऱ्या अपुऱ्या पडू लागल्या, बैठका हॉटेलांत होऊ लागल्या आणि सभेला जेवणाची जोड मिळाली. 1907 मध्ये या क्लबने शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी प्रयत्न सुरू केले आणि मैत्रीला समाजकार्याची दिशा लाभली. पुढे 1917 मध्ये विमा व्यवसायातील मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने शिकागोतच लायन्स संघटना उभी राहिली. भारतात रोटरी 1919 मध्ये कोलकात्यात आणि 1929 मध्ये मुंबईत पोहोचली. लायन्स 1956 मध्ये आली. आज महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणीच काय, तालुक्याच्या गावीही असा क्लब आढळतो.

समारंभाचा क्रम बराचसा ठरलेला असतो. व्यासपीठाच्या मागे क्लबचा फलक, टेबलावर पितळी घंटा आणि लाकडी हातोडा. अध्यक्षांच्या गळ्यात रुंद पट्ट्याची कॉलर असते. अनेक क्लबांत तिच्यावर माजी अध्यक्षांची नावे कोरलेल्या छोट्या पट्ट्या लावलेल्या असतात, त्यामुळे क्लबचा सारा इतिहास त्या एका कॉलरवर वाचता येतो. अध्यक्ष घंटेचा टोल देतात तेव्हा सभा सुरू होते, आणि शेवटचा टोल दिल्याशिवाय ती संपत नाही. राष्ट्रगीत, दीपप्रज्वलन, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, पाहुण्यांचे स्वागत, सचिवांचे निवेदन, गौरव, व्याख्यान आणि आभारप्रदर्शन असा सर्वसाधारण क्रम. सभागृहाची शिस्त आणि आसनव्यवस्था रोटरीत सार्जंट-ॲट-आर्म्स पाहतात. लायन्समध्ये घंटा, झेंडे आणि इतर साहित्य सांभाळणारे पदाधिकारी ‘लायन टेमर’, तर किरकोळ चुकांसाठी सभासदांना दंड करून सभेत खेळीमेळी राखणारे ‘टेल ट्विस्टर’ म्हणून ओळखले जातात.

रोटरीच्या सभांत चतुःसूत्री म्हणण्याचीही प्रथा आहे. डबघाईला आलेली भांड्यांची कंपनी सावरताना हर्बर्ट टेलर यांनी 1932 मध्ये चार प्रश्न लिहून काढले. आपण जे बोलतो वा करतो ते खरे आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, त्यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, आणि ते सर्वांच्या हिताचे ठरेल का, असा त्यांचा आशय. 1943 मध्ये रोटरीने ते स्वीकारले. 1954-55 मध्ये टेलर रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते आणि संघटनेचा सुवर्णमहोत्सव त्यांच्याच कारकिर्दीत झाला.

वर्धापनदिनी संस्थापक सभासदांचा सत्कार आवर्जून केला जातो. ज्यांच्या सह्यांवर सनद मिळाली, त्यांपैकी हयात असलेल्यांना शाल आणि श्रीफळ देऊन गौरवले जाते. त्यांच्या आठवणींतून पहिले शिबिर कोठे भरले, औषधे कोणी दिली, वर्गणी कशी जमली हे नव्या सभासदांना कळते. पुष्कळ क्लब याच दिवशी व्यवसाय सेवा पुरस्कार देतात. शिक्षक, परिचारिका, कारागीर अशा क्लबबाहेरच्या व्यक्तींनी आपला व्यवसाय निष्ठेने केला, याची ती जाहीर पावती असते.

संध्याकाळचा गाभा म्हणजे पाहुण्यांचे व्याख्यान. वक्ता डॉक्टर, शास्त्रज्ञ, प्रशासक, लेखक किंवा सामाजिक कार्यकर्ता असतो. परिचय नेमका असावा, भाषण अर्ध्या तासात आटोपावे, प्रश्नोत्तरांना वेळ उरावा आणि जेवण त्यानंतर वाढले जावे, ही जाणत्या पदाधिकाऱ्यांची रीत. सत्कारांची यादी लांबली की सर्वांत आधी वक्त्याच्या वेळेला कात्री लागते आणि श्रोत्यांचे लक्ष घड्याळाकडे जाते. म्हणून यादी आखतानाच व्याख्यानाची वेळ राखून ठेवावी लागते.

एका भाषणाने केवढे काम उभे राहू शकते, याचे ठळक उदाहरण हेलन केलर यांचे आहे. 1925 मध्ये ओहायोतील सीडर पॉइंट येथे लायन्सच्या अधिवेशनात त्या बोलल्या. दृष्टी आणि श्रवण दोन्ही हरपलेल्या या विदुषीने अंधांच्या साहाय्यासाठी लढण्याचे आवाहन सभासदांना केले. संघटनेने ते कार्य आपले मानले. 1930 मध्ये इलिनॉयमधील पिओरिया येथील लायन्सनी अंधांसाठी पांढऱ्या काठीचा पुरस्कार केला. नेत्रशिबिरे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आणि नेत्ररुग्णालये ही पुढे जगभरच्या लायन्सची ओळख ठरली. महाराष्ट्रातील असंख्य नेत्रशिबिरे त्याच धाग्याची आहेत.

वर्धापनवर्षात केलेल्या संकल्पाचे तितकेच मोठे उदाहरण रोटरीने घालून दिले. 1985 मध्ये, संघटनेच्या 80 व्या वर्षी, जगातील मुलांना पोलिओची लस मिळवून देण्याची ‘पोलिओप्लस’ मोहीम जाहीर झाली. 12 कोटी डॉलर जमवण्याचे उद्दिष्ट होते. 1988 पर्यंत 24 कोटींहून अधिक जमले. भारतात लसीकरणाच्या दिवशी बूथवर बसण्यापासून घरोघरी फिरण्यापर्यंत रोटरीचे सभासद सरकारी यंत्रणेच्या बरोबरीने राबले. देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारताचा समावेश असलेला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

समारंभाचा खर्च ही नाजूक बाब आहे. सेवा क्लबात प्रशासनाचे आणि सेवाकार्याचे पैसे वेगळे ठेवले जातात. भोजन, सभागृह आणि सजावट यांचा भार सभासदांच्या वर्गणीवर किंवा प्रायोजकांवर पडतो. लोकांनी सेवाकार्यासाठी दिलेल्या देणगीला त्यासाठी हात लावायचा नसतो. ही मर्यादा पाळली जाते तोवरच क्लबचे आवाहन ऐकून देणगीदार पुढे येतात.

या भोजनाच्या टेबलाभोवतीची मंडळीही बदलली. कित्येक दशके सभासद पुरुषच असत आणि स्त्रिया त्यांच्या पत्नी म्हणून येत. कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथील रोटरी क्लबने स्त्रियांना सभासद केले म्हणून त्याची सनद काढून घेण्यात आली. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1987 मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला. 1989 मध्ये रोटरीने जगभर स्त्रियांना प्रवेश खुला केला. 2022-23 मध्ये जेनिफर जोन्स पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या. महाराष्ट्रातील अनेक क्लबांत आज अध्यक्षांची कॉलर स्त्रियांच्या गळ्यात दिसते.

वर्धापनदिन चांगला झाला की नाही, हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. गेल्या वर्षीच्या कामाचा आणि पैशांचा चोख हिशेब मांडला गेला, वक्त्याला मनापासून ऐकले गेले आणि पुढच्या वर्षासाठी एखादे काम निश्चित करून ते सभासदांवर सोपवले गेले, तर समारंभ सार्थकी लागला असे समजावे.